माझ्या कानात फक्त मी

३ फेब्रुवारी, सोमवार

काल उपासनेनंतर आमचा चर्चचा बँड चालवणाऱ्या फिलिपानं सगळ्यांना थांबवून घेतलं. चर्चनं नवा मिक्सर घेतलाय. पायाशी ठेवलेले मोठे स्पीकर जाणार. इथून पुढे ज्यानं त्यानं कानात इयरफोन घालून वाजवायचं. बाहेरचा गोंगाट कमी, आवाज स्वच्छ. कुणाला कुणाचा आवाज किती हवा, ते ज्यानं त्यानं मोबाइलवरून ठरवायचं. याला इन-इयर म्हणतात.

शेवटी तारा गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, ‘सगळ्यांचं आपण बघा.’

म्हणजे सगळ्यांचे इयरफोन मी निवडायचे. बरोबरच आहे. माझे गुरू पापा बेन्टिल, त्यांच्या हातून बास गिटार माझ्याकडे आली त्याला अठरा वर्षं झाली. बँडमध्ये कान कुणाचा तयार आहे हे फिलिपाला कळतं. वयानं माझ्या निम्मी, पण बोलताना नेहमी समोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघून, एकेक शब्द सुटा बोलते. आजकाल एवढा आदर कोण देतं?

संकल्प: स्वस्त आणि उत्तम. महाग वस्तू कुणीही निवडेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

बंदरावर मी माल मोजतो; तिथल्या जेवणाच्या सुट्टीत अभ्यास. इंटरनेटवर इयरफोनबद्दल लिहिणारे लोक बहुधा उपाशी असतात. एकानं लिहिलंय, अमक्याचा बास मखमली. दुसऱ्यानं त्याच बासला ओला पुठ्ठा म्हटलंय. तिसऱ्याला त्यात भाजलेल्या केळ्याचा गोडवा दिसला.

एवढं समजलं: एक, आवाज स्पष्ट हवा. दोन, कानात बूच घट्ट बसायला हवं, म्हणजे बाहेरचं काही आत येत नाही. बुचं रबराची किंवा फोमची. फोम बरा.

मुकादम म्हणाला, साहेब, तुम्ही आधी कानावर टोपणं घाला, मागे मँगनीजचे दगड उतरतायत. बंदरावर सगळ्यांना ती टोपणं दिलीत. मी वापरत नाही. झाकलेला कान तयार होत नाही. माझा एवढ्या वर्षांचा अनुभव.

८ फेब्रुवारी, शनिवार

टाकोराडीच्या मार्केट सर्कलला पेशन्सच्या दुकानात गेलो. मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि इयरफोनचा हा मोठा ट्रे. तीन जोड निवडले. माझा मोबाइल लावून एकच गाणं तिन्हींवर ऐकलं. शास्त्रशुद्ध.

पहिला: सगळे ज्याची शिफारस करतात तो. गोधडीत गुंडाळलेला आवाज. लोकांच्या कानांचं आश्चर्य वाटतं. दुसरा: तसाच, गोधडी जरा पातळ. तिसरा: अहाहा! झांज झांजेसारखी, शब्द शब्दासारखा. कित्येक दिवसांत इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं.

पेशन्सनं तोच कानाला लावून बघितला आणि लिंबू चावल्यासारखं तोंड केलं. म्हणाली, अंकल, हा नको, टोचतो, गिऱ्हाइकं परत आणून देतात. मी समजावलं, की स्पष्ट गोष्ट टोचतेच. ती म्हणाली, बरं.

मग गोंगाट अडवण्याची परीक्षा. शेजारी मका दळायची गिरणी आहे. तिच्या दारात उभा राहिलो. गिरणी चालू, पट्टा फिरतोय, बाया एकमेकींच्या कानात ओरडतायत, आणि मला फक्त दूर कुठेतरी माशी गुणगुणावी तसं. अप्रतिम! आनंदानं परत आलो तेव्हा लक्षात आलं, डावा इयरफोन गळ्यातच लोंबत होता.

म्हणजे उजवा इतका भारी, की दोन्ही कानांचं काम एकटा करतो.

सहा जोड घेतले. बँडमध्ये आम्ही सहा जण. पैसे सध्या मी दिले. बायकोला, एकुआला, सांगायची घाई नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एकुआनं स्वयंपाकघरातून सांगितलं, येताना मीठ आण, मोठं पोतं. आणलं. तर म्हणे मी पीठ सांगितलं होतं. मक्याचं. उद्या तिची बहीण येणार, त्या पिठाचा बांकू शिजवायचा होता.

बत्तीस वर्षांच्या संसारात बाई शब्द गिळायला लागते, ते नवऱ्याच्या अंगावर येतं. आता घरात एवढं मीठ आहे, की मासे खारवायचा धंदा काढता येईल.

ती टीव्हीचा आवाज कमी करते. मी वाढवतो. हा टीव्हीसुद्धा गोधडीतला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तालीम. नव्या मिक्सरचा पहिला दिवस. मी सगळ्यांना डबे वाटले. सगळे डब्यांकडे आणि मग एकमेकांकडे बघत राहिले. भारावले असावेत.

फीफीनं ड्रमवर बसून पहिली झांज मारली आणि ‘आईगं’ म्हणून दोन्ही इयरफोन ओढून काढले. म्हणाला, ब्रदर एबो, कानात दाभण गेलं. गाणाऱ्या दोघी म्हणाल्या, ‘स’ म्हटलं की साप फुत्कारतो. गिटारवाला म्हणाला, माझा कान जुना दुखरा आहे, मला ह्यातलं काही नको.  फिलिपानं इयरफोन काढून नीट गुंडाळून डब्यात ठेवले आणि मला थँक यू म्हणाली.

मग चहाच्या वेळी फीफीनं खिशातून स्वतःचा जोड काढला. तो म्हणाला, फिलिपानं तर सांगितलं होतं, ‘सगळ्यांनी आपापलं बघा.’ सगळ्यांनी आपापले आणले होते. पेशन्सच्याच दुकानातून. गोधडीवाले.

फीफी फार अस्पष्ट बोलतो. तरुण पिढी.

१६ फेब्रुवारी, रविवार

विचार केला. त्यांचा दोष नाही. ज्यांनी जन्मभर फुटक्या स्पीकरवर ऐकलं त्यांना स्पष्टपणा सोसत नाही. अंधारातून उठलेल्याला ऊन टोचतं. माझे मी वापरणार. उरलेले पाच जोड कपाटात. एक ना एक दिवस येऊन मागतील.

एकुआला कपाटात सापडले. काय बोलली ते सगळं ऐकू आलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पापा बेन्टिल गेले. सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. मला वाटलं पापा आलेत, म्हणून मी म्हणालो, अरे वा, जेवायला थांबवा.  मग एकुआनं फोन घेतला.

फोनची रेंज फार वाईट झालीय.

बावीसचा होतो तेव्हा त्यांनी माझ्या हातात बास दिली. पुढची कित्येक वर्षं शेजारी बसवून शिकवलं, आणि मग स्वतः उठून जागा दिली. म्हणायचे, बास हे घराचं जोतं. कुणी जोत्याकडे बघत नाही, पण ते खचलं की सगळे बाहेर पळतात. आज बास हातात घेतली आणि परत ठेवली. वाजवलं नाही.

१ मार्च, शनिवार

बेन्टिलांच्या घरी भेटायला. दारात शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांतली गर्दी, खुर्च्या, पाण्याच्या पिशव्या. पापांच्या पत्नी, मामे बेन्टिल, आतल्या खोलीत चटईवर. माझा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. आमच्याकडे अंत्यविधी महिनाभरानं होतो, तो २९ तारखेला; त्या उपासनेबद्दल असावं, ‘गाणं’ आणि ‘मी’ एवढं कळलं. आवाज बसलाय, मान खाली, तोंडापुढे रुमाल. दुःखात माणूस पुटपुटतो. परत विचारणं बरं दिसलं नसतं. मी मान हलवत राहिलो. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

संकल्प: पापांसाठी असं वाजवेन, की टाकोराडी लक्षात ठेवेल.

८ मार्च, शनिवार

मिक्सरचं मोबाइलवरचं ॲप शिकलो. सोपं आहे. प्रत्येक वाद्याची एक पट्टी. वर सरकवली की कानात जास्त, खाली सरकवली की कमी. एक पट्टी फिलिपाच्या बोलण्याची. गाणं चालू असताना ती छोट्या माइकमधून फक्त आमच्या कानात सूचना देते. कल्पना चांगली, पण तिचा आवाज बारीक, कानात नुसती कुरकुर होते. एक शब्द धड नाही. ती पट्टी खाली केली.

झांजा तशाही येत नव्हत्या, त्याही खाली. मग गाणाऱ्या दोघी. मग गिटार. ड्रमसुद्धा. आता कानात फक्त माझी बास आणि तालाची टिकटिक. किती स्वच्छ! गेल्या कित्येक वर्षांत स्वतःला इतकं चांगलं वाजवताना ऐकलं नव्हतं. माझ्या कानात आता फक्त मी.

आवाज पूर्ण वर ठेवतो. स्वस्त इयरफोनला थोडी ताकद लागते.

२२ मार्च, शनिवार

अंत्यविधीच्या उपासनेची तालीम. फिलिपा बोलत होती तेव्हा मी तार बदलत होतो. शेवटी माझ्यासमोर आली, म्हणाली, ब्रदर एबो, कळलं ना? मी म्हटलं, अगदी. जे काय असेल ते गाण्यात कळेलच. शिवाय फीफी आहे. प्रत्येक बदलाच्या आधी तो माझ्याकडे बघून जोरात मान हलवतो. मला मानतो पोरगा.

गाण्याच्या दुसऱ्या कडव्यानंतर पापांची एक जुनी, नाचायला लावणारी हायलाइफची चाल घालणार आहे. तिची सर कुठल्याही भाषणाला येणार नाही. कुणाला सांगितलेलं नाही. चकित होऊ देत.

२९ मार्च, शनिवार

आज काही लिहीत नाही.

३० मार्च, रविवार

चर्चला गेलो नाही. सर्दी.

३१ मार्च, सोमवार

सर्दी नव्हती. लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

चर्च भरलेलं. बाहेर मांडवातही माणसं. पुढे शवपेटी, तिच्यावर पापांची टोपी. मी कानात बुचं दाबून बसवली. फोम फुगला, जग बंद. पहिलं कडवं सुंदर झालं. दुसरं त्याहून सुंदर. मग मी डोळे मिटले आणि पापांची चाल धरली.

काय वाजलं! बोटं आपोआप चालत होती. अंगात आलं. खांदे हलत होते, पाय हलत होता, मला वाटतं एकदा मी गिरकीही घेतली. शेवटी पापांचा शिष्य शोभलो, असं मनात आलं.

बाहेर काय झालं ते नंतर एकुआकडून कळलं. दुसऱ्या कडव्यानंतर सगळ्यांनी थांबायचं ठरलं होतं. मामे बेन्टिल बोलणार होत्या. सगळे थांबले. त्या उठल्या, मुलीनं हाताला धरून माइकपाशी आणलं, त्यांनी तोंड उघडलं आणि मागून माझी हायलाइफ. लोकांना आधी वाटलं हे ठरलेलं आहे. मग नाही वाटलं. फिलिपा छोट्या माइकमधून ‘थांबा, ब्रदर एबो, थांबा’ म्हणत होती, माझ्या कानात तिची पट्टी खाली. मिक्सरवाल्यानं मोठ्या स्पीकरमधून माझी बास बंद केली, पण माझ्या बासचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर स्टेजवर, तो दणदणतच होता. फीफीनं ड्रमची काडी फेकून मारली. ती माझ्याऐवजी एका वडीलधाऱ्याला लागली. मांडवातली मुलं नाचायला लागली.

मला एवढंच आठवतं, की कुणीतरी माझ्या उजव्या कानातून इयरफोन काढला. डोळे उघडले तर समोर मामे बेन्टिल. त्या स्वतः चालत आल्या होत्या. मला काहीतरी म्हणाल्या. ऐकू आलं नाही. मला वाटलं वादन आवडलं.

मी म्हणालो, थँक यू.

आणि हसलो. सगळं चर्च बघत होतं आणि मी हसत होतो.

२ एप्रिल, बुधवार

दोष कुणाचा ते आता कळलंय. इयरफोनचा. बाहेरचा आवाज इतका अडवणं हे चुकीचंच. डब्यावर तशी सूचना हवी. इंटरनेटवर लिहायला बसलो: ‘आवाज उत्तम, परंतु विधवा समोर उभी असल्यास कळत नाही.’ पाठवलं नाही.

बंदरावर मुकादम म्हणाला, साहेब, तुमचा व्हिडिओ माझ्या मेव्हणीकडेही आला.

संध्याकाळी एकुआ माझ्या मागे उभी राहून काहीतरी बोलली म्हणे. पाच-सहा वेळा. मग समोर येऊन उभी राहिली, माझे दोन्ही कान हातांत धरले आणि म्हणाली, पुढच्या बुधवारी आपण हॉस्पिटलला जाणार. मी म्हटलं, मला काय झालंय? ती म्हणाली, तेच विचारायला जाऊ.

ठीक आहे. एकदा कागदावर सिद्ध झालेलं बरं. कान उत्तम असल्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून तालमीच्या खोलीत लावेन.

९ एप्रिल, बुधवार

काचेची छोटी खोली. तपासणारी मुलगी हसरी. मोठे हेडफोन घातले. तिचं म्हणणं असं, की आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, कितीही बारीक असला तरी.

सुरुवातीचे जाडे आवाज मी धडाधड पकडले. एकही सोडला नाही. काचेतून तिच्याकडे बघून अंगठासुद्धा दाखवला. मग जरा खंड पडला. दुसरा भाग सुरू होत असावा म्हणून मी बटणावर अंगठा ठेवून, डोळे मिटून, श्वास रोखून तयार बसलो. एक आवाज सुटू द्यायचा नाही असं ठरवलं. वाट बघितली. बरीच वाट बघितली. मशीन बिघडलं असेल असंही वाटलं.

दार उघडलं. ती आत येऊन म्हणाली, झालं.

म्हटलं, दुसरा भाग राहिला ना? तिनं माझ्यासमोर स्टूल ओढून घेतलं, तोंडाकडे बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, तो आत्ताच झाला.

कागदावर दोन रेघा आहेत. आधी सरळ जातात आणि मग समुद्राकडच्या कड्यावरून खाली पडाव्यात तशा पडतात. तिनं विचारलं, काम कुठे करता? बंदरावर. टोपणं घालता? एकुआकडे बघितलं. आणि अठरा वर्षं कशाशेजारी उभे असता? झांजांशेजारी. आणि इयरफोनचा आवाज किती ठेवता? त्याचं उत्तर एकुआनं दिलं.

बारीक, टोकदार आवाज माझ्यासाठी गेलेत. स, श, फ, त, झांज, पक्षी. परत येत नाहीत. म्हणून बाकीच्यांना टोचणारा इयरफोन मला स्वच्छ वाटला.

तिनं यंत्रं लिहून दिली. कानामागे लावायची, नळी कानात जाते, दोन्ही बाजूंना. मी विचारलं, मग त्याच्यावरून इन-इयर कसे घालायचे? ती म्हणाली, सर, कानाचं भोक एकच आहे. दोन्हीपैकी एक.

१० एप्रिल, गुरुवार

एकुआला सकाळी गंभीरपणे सांगायला बसवलं. म्हटलं, एक गोष्ट मला तुझ्यापासून लपवायची नाही. मला कमी ऐकू येतं.

ती काल माझ्या शेजारीच होती हे मला माहीत आहे. तरी माझ्या तोंडून तिला ऐकवायचं होतं.

ती बटाटे सोलत होती. म्हणाली, एबो, तीन-चार वर्षं झाली. म्हटलं, तू बोलली का नाहीस? म्हणाली, बोलले. तुला ऐकू आलं नाही. मग हसली, आणि मग डोळे पुसले, कांदा नव्हता.

मी विचारलं, अजून कुणाला माहीत आहे?

तिनं बटाटा खाली ठेवला. सगळ्यांना, म्हणाली. फिलिपा तोंडासमोर येऊन बोलते ती त्याचसाठी; ते तिला एकुआनंच सांगितलं. फीफी मान हलवतो, कारण एकदा तो न हलवता पुढच्या कडव्यावर गेला आणि मी मागच्याच कडव्यात राहिलो. चर्चमधल्या बायका मला नुसता हात करतात, बोलत नाहीत. मला वाटायचं माझा दरारा आहे.

दिवसभर बंदरावर माल मोजला. एकदाही वर बघितलं नाही. टोपणं घातली. आता घालून काय!

१३ एप्रिल, रविवार

उपासनेनंतर फिलिपाला गाठलं. ठरवून गेलो होतो, की ती नको नको म्हणेल, मी ठाम राहीन, मग ती म्हणेल निदान ईस्टरपर्यंत थांबा, मग मी मोठ्या मनानं थांबेन.

म्हटलं, फिलिपा, मला वाटतं मी आता बास सोडावी.

ती म्हणाली, बरं.

लगेच. समोर उभं राहून, सुटा शब्द. चूक ऐकायला जागाच नव्हती.

मग तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, तुम्ही सोडलीत तर कुणीतरी हवं, म्हणून फीफीची मावसबहीण जानेवारीपासून बासवर गाणी बसवते आहे. तुम्हाला कसं सांगायचं हेच कळत नव्हतं, ब्रदर एबो. आम्ही रोज एकमेकांना म्हणायचो, तू सांग, तू सांग.

जानेवारीपासून. मी फेब्रुवारीत त्यांच्यासाठी इयरफोन घ्यायला गेलो होतो.

१९ एप्रिल, शनिवार

यंत्रं मिळाली. कानामागे झुरळ बसल्यासारखं वाटतं. पाऊल टाकलं की चपलेचा आवाज येतो. मला माहीतच नव्हतं, माझ्या चपलेला आवाज आहे.

बेन्टिलांकडे गेलो. तीन वेळा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरलो. एक बाई दारात मक्याच्या पानांत केंकीचे गोळे बांधत होती; तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, काय शोधताय? मग जावंच लागलं.

मामे बेन्टिल मागच्या अंगणात मासे साफ करत होत्या. मी पुढ्यात उभा राहून म्हटलं, मामे, मी माफी मागायला आलोय. त्या म्हणाल्या, बस. बसलो. त्या मासे साफ करत राहिल्या. मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ दे रे, झालं गेलं. तसं काही म्हणाल्या नाहीत.

मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही माझ्याशी काय बोललात?

म्हणाल्या, मी म्हणाले, एबो, मला बोलू दे. आणि तू थँक यू म्हणालास.

मग सुरी बाजूला ठेवून म्हणाल्या, मला राग आला होता, आणि अजून आहे. तीन आठवडे मी ते भाषण पाठ करत होते. मला लिहितावाचता येत नाही, कागद धरून काय करू? सगळं डोक्यात ठेवलं होतं. तुझं ते टुंगटुंग सुरू झालं आणि मी सगळं विसरले. देवा, त्याला शांती दे, एवढंच म्हणाले आणि बसले. नवऱ्याबद्दल चर्चसमोर बोलायची ती माझी एकच वेळ होती.

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. जमीन काही करत नाही. माशांवर माश्या बसत होत्या.

मी म्हटलं, आता आठवतंय का? मला सांगाल?

त्यांनी माझ्या कानांकडे बघितलं. विचारलं, ह्यातून येईल? म्हटलं, प्रयत्न करतो.

त्यांनी हात धुतले, अंगावरचं कापड सारखं केलं आणि उभ्या राहिल्या. माझ्या एकट्यासमोर, अंगणात, उभ्या राहून बोलल्या. लग्न झालं तेव्हा पापा बंदरावर दोर ओढायचे. पहिल्यांदा चर्चमध्ये वाजवलं तेव्हा ह्या मागच्या बाकावर होत्या. घरी आल्यावर पापांनी विचारलं, कसं वाजलं? त्यांना तर बास ऐकूच आली नव्हती. गाण्यात बास कुठली आणि बाकीचं कुठलं, हे त्यांना कधीच कळलं नाही. चाळीस वर्षं कळलं नाही. पण ते त्यांना कधी सांगितलं नाही. त्या दर रविवारी पापांच्या उजव्या पायाकडे बघायच्या. पाय ज्या ठेक्यावर हलायचा, तेवढी बास त्यांची. घरी येऊन सांगायच्या, आज छान वाजलं. पाय छान हलला होता.

मधलं एक वाक्य मला नीट ऐकू आलं नाही. कोंबडा आरवला आणि यंत्रानं तोच मोठा केला. पूर्वी मान हलवली असती. आज म्हटलं, मामे, ते मधलं परत सांगा.

त्यांनी परत सांगितलं. ते इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

निघताना म्हणाल्या, राग जाईल तेव्हा जाईल. तू ये अधूनमधून.

२५ मे, रविवार

आज प्रथमच एकुआच्या शेजारी बाकावर बसून उपासना केली. लग्नाआधीपासून मी गायकांत किंवा बँडमध्ये, ती खाली. एका चर्चमध्ये इतकी वर्षं जाऊन कधी शेजारी बसलो नव्हतो.

स्टेजवर फीफीची मावसबहीण. वीस-एकवीसची असेल. पहिल्या गाण्यात मी तिची चूक पकडायला पुढे सरकून बसलो. एक मिळाली. तीही बहुधा माझ्या यंत्राची असावी. मग मागे टेकलो. चांगली वाजवते. माझ्यावाचून काही अडलेलं दिसलं नाही. आणि मग शेजारून आवाज आला.

एकुआ गात होती. मोठ्यानं, डोळे मिटून, मनापासून. आणि सुरापासून इतकी लांब, की तिथून सूर दिसतही नसेल. वरचा सूर आला की ती तो चढत नव्हती, वळसा घालून जात होती. पुढच्या बाकावरची जाडी बाई जराही दचकली नाही. मागचे नाहीत, बाजूचे नाहीत. सगळ्यांना सवय होती. सगळ्यांना माहीत होतं. एवढ्या वर्षांत मला कुणी एक शब्द सांगितला नाही, आणि तिलाही नाही.

तिला सांगावं असं एक क्षण मनात आलं. सांगितलं नाही. उलट ठरवलं, की आपण खणखणीत, अचूक सुरात तिच्या बाजूनं गायचं, म्हणजे तिला आधार मिळेल, सूर आपोआप सापडेल. कान गेले असतील, गळा तर आहे! छाती भरून घेतली आणि दुसऱ्या कडव्यावर आवाज लावला.

पुढची जाडी बाई वळली. एकुआकडे नाही. माझ्याकडे. मग तिच्या शेजारची वळली, मग तिच्यापलीकडचा म्हातारा.

एकुआनं डोळे न उघडता मला कोपरानं ढोसलं. म्हणाली, एबो, जरा हळू. लोक बघतायत.